शेरा तिने लिहायचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत मनगटावरची स्मार्ट घड्याळे आणि मानसिक आजार यांवर लेख आला होता. झोप, नाडी आणि चालणे यांवरून आजार उलटण्याची चाहूल आधी लागू शकते, त्यामुळे घरच्यांना लक्ष ठेवणे सोपे जाईल, असे त्यात म्हटले होते. ‘लक्ष ठेवणे’ या दोन शब्दांपाशी मी अडलो. ते काम मी काही महिने अगदी मन लावून केले आहे. त्यातून काय झाले ते सोलापूर आणि आसपासच्या ज्या घरांत असे घड्याळ घ्यायचा विचार चालू असेल त्यांना कळावे, म्हणून लिहितो. पत्र लांबले आहे. जागेअभावी कापावे लागले तर कायद्याचा भाग कापा, वहीचा कापू नका.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. नोकरीची बहुतेक वर्षे गाड्यांच्या वेळा लिहिण्यात गेली. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, विजापूर. कोणती गाडी किती वाजता सुटली, किती वाजता लागली, किती मिनिटे उशीर झाला. उशीर झाला की शेऱ्याच्या रकान्यात कारण लिहायचे असते आणि ते चालकाला विचारून लिहायचे असते. टायर फुटला, रेल्वे फाटक बंद होते, बाईला चक्कर आली म्हणून गाडी दवाखान्यापाशी थांबवली. कारण त्यालाच ठाऊक, कारण गाडीत तो होता. माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या मुलाला मी हे शिकवले.

माझी मुलगी सत्तावीस वर्षांची आहे. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेब पाहते. एकविसाव्या वर्षी तिला बायपोलर आजाराचे निदान झाले. ही गोष्ट सांगायला तिची परवानगी आहे, नाव छापायला नाही, म्हणून माझेही नाव देत नाही. या आजाराच्या दोन बाजूंना ती ‘चढ’ आणि ‘उतार’ म्हणते. चढात झोप दोन-तीन तासांवर येते आणि तरी थकवा नसतो, बोलणे थांबत नाही, हातातून पैसा सुटतो. उतारात अंथरुणातून उठवत नाही, आंघोळ करणेसुद्धा डोंगराएवढे वाटते. चढ येण्याआधी बहुतेक वेळा पहिली झोप जाते, हे डॉक्टरांनी आम्हाला सुरुवातीलाच सांगितले होते. तेवढे एक वाक्य मी घट्ट धरून ठेवले.

दिवाळीत पुण्याच्या भाच्याने तिला घड्याळ आणले. त्याने ते तिच्या फोनला जोडले, माझ्या फोनमध्येही ॲप घातले आणि म्हणाला, “मामा, आता तुम्हालाही सगळं दिसेल.” मुलीला विचारले, घालशील ना? ती हो म्हणाली. माझ्या फोनवर काय काय दिसणार हे तिला कोणी सांगितले नाही. मीही नाही.

दुसऱ्याच दिवशी नवी पेठेतून दोनशे पानी लांब वही आणली. पट्टीने रेघा मारल्या. झोपली, उठली, एकूण तास, मध्ये किती वेळा जाग, नाडी, पावले, शेरा. पाच तासांपेक्षा कमी झोप झाली की लाल शाई. ती चहाला यायच्या आत तिची आख्खी रात्र मला पाठ असायची. “पावणेतीनला का उठली होतीस?” “अप्पा, पाणी प्यायला.” “मग सव्वाचारला?” ती गप्प. चार वर्षांपासून ती लिथियमची गोळी घेते. त्या गोळीने तहान फार लागते आणि लघवीला वारंवार जावे लागते. हेसुद्धा डॉक्टरांनी सांगितले होते आणि मला माहीत होते. तरी मी रोज विचारत होतो. शेऱ्याच्या रकान्यात मी माझ्या अंदाजाने लिहायचो: ‘अस्वस्थ’, ‘गोळी चुकवली असावी’, ‘लक्ष ठेवणे’.

जानेवारीत गड्डा भरला. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत लहानपणापासून ती मैत्रिणींबरोबर एक संध्याकाळ जातेच. रात्री साडेदहाला माझ्या फोनवर नाडी एकशे अठरा दिसली. मी फोन केला, तिने उचलला नाही. पुन्हा केला. सहाव्यांदा उचलला तेव्हा मागून भोंग्यांचा आवाज येत होता. ती आकाशपाळण्यातून नुकतीच उतरली होती. मी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोललो. ती घरी आली आणि न जेवता झोपली. दुसऱ्या दिवशी मी वही काखेत मारून तिला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तिच्याशी वीस मिनिटे बोलून सांगितले की काही झालेले नाही, पाळण्यात बसल्यावर कोणाचीही नाडी वाढते. मला ते पटले नाही. वहीत त्या रात्रीवर लाल शाईचा चौकोन होता.

पुढे मार्च आला. हिशेबाच्या माणसाला मार्चअखेर म्हणजे काय असते ते सांगायला नको. रात्री नऊ, दहा वाजेपर्यंत काम, घरी आल्यावरही डोक्यात आकडे. माझी वही मात्र सुधारत होती. सहा तास पन्नास मिनिटे. सात तास दहा. सात पाच. सलग नऊ रात्री निळी शाई. शेऱ्यात मी ‘उत्तम’ लिहिले. दहाव्या दिवशी पहाटे पाचला कारखान्याच्या पहारेकऱ्याचा फोन आला. ती फाटकाशी उभी होती. एटीएममधून निघतील तेवढे पैसे काढून आणले होते आणि पहिल्या पाळीच्या कामगारांना ‘तुमचा बोनस’ म्हणून वाटत होती. पायात चप्पल नव्हती. तिला एकोणीस दिवस दवाखान्यात ठेवावे लागले.

दवाखान्याच्या व्हरांड्यात तिच्या आईने मला सांगितले की त्या नऊ रात्री घड्याळ आईच्या स्वतःच्या हातात होते. मुलीने मागितले नव्हते, आईनेच काढून घेतले. “रोज सकाळी तुमच्यासमोर यायच्या आधी ती न्हाणीघरात उभी राहून रडायची. तुम्ही तिची झोप मोजत होता. मला वाटलं, घड्याळ काढलं तर तिला झोप तरी येईल.” माझ्या वहीतली ती सात-सात तासांची झोप बायकोची होती. आणि ज्या नऊ रात्रींत मुलीला खरेच मदत हवी होती, त्या रात्री घरात मुलगी एकटी जागी होती. मला काही सांगायची तिची हिंमत नव्हती.

हे मी लिहितो तेव्हा घड्याळाला दोष देत नाही. ते त्याचे काम करत होते. मागच्या बाजूचा हिरवा दिवा कातडीखालच्या रक्ताकडे पाहतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते, प्रत्येक ठोक्याला रक्त वाढते-ओसरते, तसा परत येणारा प्रकाश कमी-जास्त होतो आणि त्यावरून नाडी मोजली जाते. दुसरा एक सूक्ष्म भाग हाताची हालचाल टिपतो. झोप ते मोजत नाही, हालचाल आणि नाडी यांवरून अंदाज बांधते. झोपेची खरी तपासणी करताना डोक्याला तारा लावून मेंदूतील लहरी नोंदवतात. म्हणून छताकडे टक लावून न हलता पडलेला माणूस घड्याळाला पुष्कळदा झोपलेलाच दिसतो. मुलीच्या मागच्या उतारात घड्याळ असते तर त्याने तिला रोज नऊ-दहा तासांची झोप लावली असती. आणि तेव्हा ती सांगत होती की डोळ्याला डोळा लागत नाही.

दवाखान्यातल्या समाजसेविका ताईंनी माझी वही मागितली. मला वाटले, कौतुक करतील. त्यांनी सगळी चाळली आणि बरी झाल्यावर माझ्या मुलीच्या हातात दिली, एक हिरवी पेन्सिलही दिली. म्हणाल्या, यातला शेऱ्याचा रकाना तू भर, आठवेल तेवढा. तिने दोन दिवस घेतले. माझ्या ‘अस्वस्थ’पुढे तिने लिहिले होते, ‘पाणी’. ‘गोळी चुकवली असावी’पुढे, ‘घेतली होती’. गड्ड्याच्या रात्रीपुढे, ‘पाळणा. खूप दिवसांनी हसले होते.’ त्या नऊ रात्रींपुढे नऊ वेळा एकच शब्द होता, ‘आई’.

आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलेला नियम मी माझ्या घरात पाळला नव्हता. शेरा चालकाला विचारून लिहायचा.

मग ताईंनी आम्हा सगळ्यांना बसवून एक करार लिहून घेतला. एक पानाचा आहे, मराठीत, मुलीच्या अक्षरात. घड्याळाचे आकडे तिच्या फोनवर राहतील, माझ्या फोनमधले ॲप काढले. तिच्याशिवाय ते पाहायची परवानगी एकाच माणसाला, ते माणूस तिने निवडले, माझी धाकटी मेव्हणी, म्हणजे तिची मावशी. सलग दोन रात्री चार तासांपेक्षा कमी झोप झाली तर ती स्वतः डॉक्टरांना फोन करेल. तिने दुपारपर्यंत केला नाही तर मावशी तिला विचारेल. विचारताना पहिला प्रश्न ‘गोळी घेतलीस का?’ हा असणार नाही. मावशीने आपल्या मनानेच ठरवले की ती ‘येऊ का चहाला?’ एवढेच विचारेल. भांडणात आकडा काढायचा नाही. घड्याळ तिला नको वाटेल तेव्हा ती काढेल, कारण द्यायची गरज नाही. शेवटची ओळ तिने स्वतः सुचवली: ‘मी खूप आजारी झाले आणि मला कळेनासे झाले, तर मावशीने डॉक्टरांना आकडे दाखवावेत, अप्पांना माझी तब्येत कशी आहे ते सांगावे.’ त्या वाक्यात मला जागा आहे हे पाहून मी खाली सही केली.

हा करार कसा उपयोगी पडला ते मे महिन्यात कळले. पारा त्रेचाळीसच्या पुढे गेला होता. घड्याळात तिची बसल्या जागची नाडी चार दिवस नेहमीपेक्षा वर होती आणि रात्रीची झोप तुकड्यातुकड्यांत होती. जुना मी असतो तर ‘चढ आला’ म्हणून वही उघडली असती. मावशी चहाला आली. दोघी स्वयंपाकघरात बसल्या. मावशीने पाहिले, कपबशी धरताना मुलीचा हात जोरात थरथरत होता. विचारल्यावर तिने सांगितले, दोन दिवस जुलाब होत आहेत, चालताना तोल जातो, दाढ दुखत होती म्हणून औषधाच्या दुकानातून आयब्युप्रोफेन ही वेदनाशामक गोळी आणून घेतली. मावशीने त्याच मिनिटाला डॉक्टरांना फोन लावला. रक्तातले लिथियम तपासले, ते १.५ आले. साधारणपणे ते ०.६ ते १.० च्या दरम्यान ठेवतात. डॉक्टरांनी गोळी थांबवली, सलाइन लावले, पुढे मात्रा बदलली.

लिथियम घेणाऱ्या प्रत्येक सोलापूरकराने एवढे वाचावे म्हणून थोडे सविस्तर लिहितो. हे जुने आणि फार गुणाचे औषध आहे. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियातील जॉन केड या डॉक्टरांनी उन्मादावरचा, म्हणजे चढावरचा, त्याचा उपयोग जगासमोर आणला, आणि आजही त्याला तोड नाही असे आमचे डॉक्टर म्हणतात. पण गुण देणारी मात्रा आणि अपाय करणारी मात्रा यांत अंतर थोडे असते. मूत्रपिंड मीठ आणि लिथियम जवळजवळ एकाच पद्धतीने हाताळते. घामातून पाणी आणि मीठ गेले की मूत्रपिंड मीठ धरून ठेवू लागते आणि त्याबरोबर लिथियमही धरून ठेवते. आपल्याकडचा उन्हाळा, जुलाब-उलट्या, निर्जळी उपास, काही वेदनाशामक गोळ्या, यांतले काहीही त्याला वर नेऊ शकते. एकदम मीठ सोडणेही तसेच. हात जोरात थरथरणे, जुलाब, तोल जाणे, जीभ जड होणे, अशी लक्षणे दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. रक्ताची तपासणी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी करतात, पण लक्षणे असताना तेवढी वाट पाहत बसू नये. आणि बरे वाटते म्हणून स्वतःहून गोळी बंद करू नये.

घड्याळ रक्तातले लिथियम मोजत नाही. त्याने एवढेच दाखवले की काहीतरी नेहमीसारखे नाही. काय ते चहाच्या कपाशी कळले. माझ्या फोनवर तोच आकडा आला असता तर मी तिला झोपेची गोळी द्या म्हणून डॉक्टरांच्या मागे लागलो असतो, हे मला माहीत आहे.

आपल्या गावापुरते आणखी एक सांगायला हवे. ही घड्याळे आणि त्यांमागचे हिशेब जिथे तयार झाले तिथली माणसे आपल्यासारखी जगत नाहीत. शहराच्या पूर्व भागातली आमच्या ओळखीची एक बाई दिवसाला हजार विड्या वळते. आठ-नऊ तास एका जागी, मांडीवर सूप, बोटे विजेसारखी चालतात. घड्याळाच्या पावलांच्या रकान्यात तिचा दिवस जवळजवळ शून्य. हा आकडा पाहून कोणी म्हणेल की बाई खिन्न आहे, हालचाल नाही. यंत्रमागावर रात्रपाळी करणारा सकाळी आठला झोपतो, त्याची झोप यंत्राला चुकीच्या वेळची वाटते. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत कोणालाच झोप येत नाही, आख्खी गल्ली रात्री दोनपर्यंत ओट्यावर असते. हातभर चुडा असलेल्या बाईचे घड्याळ बांगड्यांनी वर सरकते, घामाने निसटते, सैल झाले की नाडी चुकते. म्हणून आमच्या डॉक्टरांनी पहिले तीन आठवडे काहीच निष्कर्ष काढले नाहीत. मुलगी बरी असताना तिची नेहमीची झोप किती, नेहमीची नाडी किती, एवढेच पाहिले. पुढची तुलना तिची तिच्याशीच. कंपनीच्या तक्त्यातल्या ‘आदर्श’ आठ तासांशी नाही.

आकड्यांच्या मागे लागून आजार वाढतो, हेही पाहिले आहे. माझे एक सहकारी चालक, टेंभुर्णीजवळच्या अपघातानंतर त्यांना अचानक धडधड, घाम, आता मरतो असे वाटण्याचे झटके येऊ लागले. मानसोपचाराच्या सत्रात त्यांना घड्याळ एका कामापुरते वापरायला शिकवले: झटका आला की बसायचे, श्वास सावकाश सोडायचा आणि नाडी दहा-पंधरा मिनिटांत आपली आपण खाली येते हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे. त्यांना त्याचा फार आधार झाला. पण पुढे ते दिवसातून पन्नास वेळा मनगट पाहू लागले, तेव्हा त्यांच्याच उपचारकांनी घड्याळ बंद करायला सांगितले. काम झाले होते. झोपेच्या आकड्यांच्या काळजीनेच झोप उडण्याला तर अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये ‘ऑर्थोसोम्निया’ असे नावच दिले. माझ्या घरात तो आजार मुलीला नव्हता, मला होता. पाच महिने मी रात्री दोनला उठून फोन पाहत होतो.

त्याच काळात मी एका सेन्सर असलेल्या गोळीविषयी वाचले आणि हरखून गेलो होतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ‘अबिलिफाय मायसाइट’ला मंजुरी दिली. गोळीत वाळूच्या कणाएवढा सेन्सर. पोटातल्या रसाशी संबंध आला की तो अंगावर चिकटवलेल्या पट्टीला खूण पाठवतो आणि गोळी घेतल्याची नोंद फोनवर उमटते. रुग्णाने परवानगी दिली तर घरच्यांना आणि डॉक्टरांनाही दिसते. असली गोळी आपल्याकडे कधी येईल, असे मी डॉक्टरांना दोनदा विचारले. त्यांनी मला सांगितले की यामुळे रुग्ण गोळ्या अधिक नियमित घेतात हे सिद्ध झालेले नाही असे मंजुरी देताना त्याच प्रशासनाने म्हटले आहे. आणि हे औषध ज्यांना देतात त्यांत स्किझोफ्रेनियाचे रुग्ण असतात. आपल्यावर कोणीतरी पाळत ठेवते आहे, ही त्यांच्यातल्या कित्येकांची सगळ्यात मोठी भीती असते. तिथे पाळत खरीच करून ठेवायची असेल तर ती त्या माणसाने मागितलेली असली पाहिजे.

आता कायद्याचा भाग. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण पळू न शकल्याने जळून गेले. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा, जो २९ मे २०१८ पासून लागू झाला, रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधायला मनाई करतो. तोच कायदा रुग्णाला आपल्या आजाराविषयीची गोपनीयता देतो. आजारी पडल्यावर आपली काळजी कशी घ्यावी आणि कशी घेऊ नये हे बरे असतानाच लिहून ठेवण्याचा (या लेखाला पूर्वनिर्देश म्हणतात), आणि आपल्या वतीने बोलणारा माणूस स्वतः निवडण्याचा हक्कही देतो. माझ्या मुलीने आपल्या पूर्वनिर्देशात घड्याळाचा उल्लेख करायचे ठरवले आहे. घड्याळाचा पट्टा हलका असतो हे खरे, पण ज्याला तो काढायची मुभा नाही त्याला तो हलका वाटत नाही. हे मी तिच्या मनगटावर पाहिले आहे. वैयक्तिक माहितीविषयीचा २०२३ चा कायदा सांगतो की संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. आमच्या घरात हा कायदा यायला भाच्याच्या दिवाळीनंतर तो मार्च महिना जावा लागला.

घराबाहेरही हेच. मुलगी बरी होऊन कामावर परतली तेव्हा तिथल्या एका अधिकाऱ्याने तिला सांगितले, “घड्याळ आहे ना तुझ्याकडे? मग रोज सकाळी झोपेचा आकडा मला पाठवत जा, म्हणजे आम्हीही निश्चिंत.” बोलणे प्रेमाचेच होते. तिने नाही म्हटले. कामाला योग्य असल्याचा डॉक्टरांचा दाखला तिने दिला होता आणि तो पुरेसा होता. पण हो म्हटले असते तर ज्या रात्री झोप कमी झाली त्या सकाळी तिला नोकरीची भीती वाटली असती, आणि घड्याळ पुन्हा आईच्या हातात गेले असते. मालकांनी आणि विमा कंपन्यांनी असे आकडे मागू नयेत. आपल्या भागातल्या कारखानदारांना माझी ही कळकळीची विनंती आहे. कामगाराला आधार द्यायचा असेल तर मार्चअखेर रात्री दहापर्यंत एकट्या मुलीला बसवू नका.

उपचारांची गरज मोठी आहे, हे मला मान्य आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपर्यंत पोहोचलेच नव्हते. डॉक्टर थोडे, रांगा मोठ्या. अशा वेळी मनगटावरचे यंत्र मदतीला येत असेल तर यावे. उद्या आपल्या सिव्हिलमध्ये किंवा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात अशी घड्याळे आली तर मी विरोध करणार नाही. फक्त संमतीचा कागद मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही असावा, कारण आपल्या गावात दुःख या चारही भाषांत बोलले जाते. ज्याला वाचता येत नाही त्याला तो वाचून दाखवावा. काय दिसेल, कोणाला दिसेल, किती दिवस राहील, काढून टाकले तर औषधोपचार थांबणार नाहीत ना, एवढे तरी त्यात असावे. आणि आकडा बिघडला की फोन करायला कोणीतरी माणूस असावा, ज्याचा पगार त्या कामासाठी होतो. रात्री दोनला घड्याळ थरथरते आणि पलीकडे कोणीच नसते, याच्याइतके निष्ठुर काही नाही. तोवर, ज्यांच्या घरी आत्ता कोणी जागे असेल त्यांच्यासाठी सांगतो: टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक दिवस-रात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते. मार्चच्या त्या नऊ रात्रींत तो माझ्या बायकोला माहीत असायला हवा होता.

वही मी ठेवून दिली आहे. मुलीच्या हिरव्या पेन्सिलीचे शेरे आहेत म्हणून टाकवत नाही.

हे पत्र पाठवण्याआधी तिला वाचायला दिले. दोन ठिकाणची वाक्ये तिने काढायला सांगितली, ती काढली आहेत. एक वाक्य घालायला सांगितले, ते तिच्याच शब्दांत देतो: “घड्याळ मी अजून घालते, पण रविवारी काढून ठेवते, आणि रविवारी मी कशी झोपले ते अप्पा मला विचारतात, मग मी सांगते.”

आपला नम्र,
एक वडील, सोलापूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे, कृपया छापू नये.)